खिडकीजवळची खुर्ची

मला तिचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार बाई वगैरे समजायला नको. लोक अपंग बाईला फार लवकर समजूतदार ठरवून मोकळे होतात. कुबडी दिसली की त्यांना वाटतं, हिचं मन मोठं असणार. माझं नाही. माझं मन बेताचं आहे आणि त्यातला बराचसा भाग माझ्या मैत्रिणीवर जळण्यात जातो.

आमची ओळख लहानपणापासूनची. अपंग मुलींच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. पोलिओने माझा डावा पाय नेला आणि तिचे दोन्ही. नेला म्हणजे पाय आहे, पण नुसता लोंबायला आहे. मी पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट बांधते, डाव्या काखेत कुबडी घेते आणि चालते. ती हाताने पॅडल मारायच्या तीनचाकी सायकलवर फिरते. ती मूळची तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलणारी ती पोरगी माझ्याकडून अहिराणी शिकली आणि आता माझ्यापेक्षा झणझणीत बोलते. जळायचं हे एक कारण. अशी बरीच आहेत.

पुढे तिचा भाऊ कामासाठी आमच्या गावात आला आणि तीही त्याच्याबरोबर आली. आमचं गाव नंदुरबारपासून फार लांब नाही. हिवाळ्यात इथे मिरचीचे दिवस येतात, गावाबाहेरच्या माळावर मैलभर लाल मिरची वाळत पडते. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. तिथे बसून ती मिरचीची देठं खुडते. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. ती देठं खुडून आली की तिच्या जवळ बसवत नाही, शिंका येतात. तरी बसतेच मी.

त्या काळात आमच्यात वरचढ कोण, हे ठरलेलं होतं. वरचढ मी. होळीला आम्ही दोघी तिच्या पाड्यावर जायचो. आमच्या स्टँडवर तळोद्याची एसटी लागली की गर्दी अशी तुटून पडते, की धडधाकट माणसाच्या चपला खाली राहतात. तिला भाऊ उचलून आणणार, सायकल स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवणार, तोवर बस भरलेली. मग मी पुढे व्हायची. बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा, कुबडी दारात आडवी लावायची आणि ओरडायचं, "जागा धरेल शे! आठे कोनी बठू नका!" माझ्या आवाजाला गर्दी घाबरते. एकदा एक धोतरवाले बाबा रुमाल उचलून बसायला लागले, तर मी त्यांना असं काही सुनावलं की ते पुढच्या स्टॉपपर्यंत उभेच राहिले. ती मागून भावाच्या कडेवर यायची आणि राणीसारखी त्या जागेवर बसायची.

"तुले जागा धराले भारी जमस," ती म्हणायची. मला ते ऐकायला आवडायचं.

पण माझं खरं राज्य होतं वाचनालयात. गावातली जुनी इमारत आहे, उंच जोत्याची. समोर रुंद दगडी पायऱ्या आणि त्या पायऱ्यांच्या बरोबर मधोमध एक लोखंडी पाइपचा कठडा. तो कुणी लावला मला माहीत नाही, पण लावणाऱ्याचं भलं होवो. माझा आधार उजव्या हाताला लागतो. कठडा मधोमध असल्यामुळे चढताना त्याच्या एका बाजूने जायचं आणि उतरताना दुसऱ्या बाजूने यायचं, दोन्ही वेळा तो उजव्या हातात. त्या पाइपचा रंग माझ्या तळहाताने घासून गेला होता. मी त्या पायऱ्या चढायची आणि ती खाली, कडुनिंबाखाली, सायकलवर थांबायची.

आत पूर्वेच्या खिडकीजवळ एक खुर्ची होती, लाकडी, हाताची. ती माझी. तिथून खाली कडुनिंब दिसायचा, आणि त्याखाली ती. मी मासिकं चाळायची, दिवाळी अंक वाचायची, मध्येच खिडकीतून तिला हात करायची. निघताना तिच्यासाठी एक पुस्तक घ्यायची. कुठलं घ्यायचं ते मी ठरवायची. ती वर येऊ शकत नव्हती, मग कपाटासमोर उभं राहून तिला काय आवडेल याचा विचार दुसरं कोण करणार? मला जे आवडायचं तेच तिला आवडतं, असं मी धरून चालले होते. तिने कधी तक्रार केली नाही.

आणि गोष्टी. वाचलेली गोष्ट मी खाली येऊन तिला सांगायची. वहीतून वाचून दाखवल्यासारखी नाही, मीठमसाला लावून. गोष्टीतली सासू माझ्या तोंडी जास्त खवट व्हायची, पाऊस जास्त पडायचा, नवरा दोनदा जास्त परत यायचा. ती पॅडलवर हात ठेवून ऐकायची, "मंग? पुढे काय व्हयनं?" म्हणून मागे लागायची. वाचनालयाच्या शिपाई मावशी झाडू हातात घेऊन तिथेच टेकायच्या. कितीतरी वर्षं असं चाललं. त्या वर्षांत मला कुणाचाही हेवा वाटला नाही. वाटायचं कारणच नव्हतं.

मग एक दिवस वाचनालयापुढे वाळूचा ढीग पडला.

सगळ्या इमारती अपंगांना सोयीच्या करा असा वरून हुकूम आला होता म्हणे. चांगला हुकूम आहे, मी कशाला नाही म्हणू? ठेकेदाराने अर्ध्या पायऱ्या फोडल्या आणि तिथे उतरता रस्ता केला. रॅम्प. रॅम्पला जागा कमी पडत होती, म्हणून मधला कठडा कापून काढला. वर देखणं दिसावं म्हणून रॅम्पला फरशी बसवली, ती कशी, तर लग्नाच्या हॉलमध्ये असते तशी गुळगुळीत, तोंड दिसेल अशी. रॅम्पच्या कडेलाही कठडा नाही, दोन्ही बाजूंना कुंड्या. आणि दारात ती निळी पाटी, तिच्यावर चाकाची खुर्ची आणि खुर्चीत बसलेला माणूस.

मला हे काम चाललंय हे माहीत होतं. लग्नसराईची शिलाई होती, म्हणून तिकडे फिरकायला जमलं नव्हतं. मला वाटलं, झालं की दोघी मिळून बघायला जाऊ. आणि एक दिवस सकाळी शेजारच्या वहिनी पेपर घेऊन आल्या. "तुमच्या मैत्रिणीचा फोटो आलाय!"

रॅम्पचं उद्घाटन झालं होतं. तिला जीपमधून आणलं होतं. गळ्यात हार, पुढे लाल फीत, मागे साहेबमंडळी, आणि ती सायकल घेऊन त्या तोंड दिसणाऱ्या फरशीवरून वर चाललेली. हसत होती. दात चांगले आहेत तिचे.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काही विचारू नका. मला का नाही बोलावलं? त्या वाचनालयात इतकी वर्षं कोण जात होतं? अपंग मी नाही? त्या दिवशी एका बाईचा ब्लाउज मी पाठीकडून उलटा कापला.

दुपारी ती आली. सांगायला लागली, आत कपाटं किती आहेत, पंखे किती आहेत, खिडकीतून कडुनिंब कसा दिसतो. मला! मला सांगत होती, खिडकीतून कडुनिंब कसा दिसतो. "तू काब्र नही उनी वं?" तिने विचारलं. मी म्हटलं, कशी येणार, मला कोणी जीप पाठवली नाही.

दोनचार दिवसांनी राग गिळून गेले. खाली उभी राहिले आणि बघतच बसले. उरलेल्या पायऱ्या होत्या, पण धरायला काही नव्हतं. माझं चढणं म्हणजे सगळा भार उजव्या हातावर टाकून अंग वर ओढणं. हाताला हवा धरून चढता येत नाही. मग म्हटलं, एवढा खर्च केलाय, त्या रॅम्पने जाऊ. तर रॅम्पवर मिरच्या.

आमच्याकडे हे असंच आहे. उन्हाकडे तोंड केलेली मोकळी, स्वच्छ जागा दिसली की आमच्या माणसाच्या डोक्यात एकच विचार येतो. मावशींनी घरची वर्षाची मिरची रॅम्पवर पसरली होती. उतार असल्यामुळे ऊन सरळ लागतं, मातीही लागत नाही. सायकल जायला मध्ये पट्टा सोडला होता. माझी मैत्रीण त्या पट्ट्यातून जायची, चाकाखाली चार मिरच्या चिरडायच्या आणि तिच्या मागोमाग अख्खं वाचनालय शिंकायचं. पण ती जायची तरी. मी कुबडी टेकवली, तिच्या बुडाचं रबर फरशीवर सर्रकन सरकलं. कशीबशी कुंडी धरून उभी राहिले. वर जाणं जमलंच नाही.

मग काय, मी कडुनिंबाखाली बसले आणि ती वर गेली.

माझ्या त्याच खिडकीतून तिने मला हात केला. खरं सांगते, मला तो हात मुरगळावासा वाटला. खाली येऊन ती मला वाचलेली गोष्ट सांगायला बसली. तिची सांगायची रीत अशी: "एक बाई व्हती. ती मरी गयी." झाली गोष्ट! मी म्हटलं, अगं, कशाने मेली, कोणाची कोण, घरी कोण होतं? ती म्हणाली, "ते बी व्हतं. मोठी गोष्ट व्हती." त्याच गोष्टीवर मी तिला दोन दुपारी रडवलं असतं. आणि मी विचारलं, माझ्यासाठी कुठलं पुस्तक आणलंस? तिने पिशवीतून काढलं, ते पक्ष्यांचं. रंगीत चित्रांचं, जाडजूड. तिला पक्षी आवडतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. "मस्त शे, देख," ती म्हणाली. मी ते पुस्तक शिलाईच्या मशीनखाली ठेवून दिलं.

मी गप्प बसणारी नव्हतेच. ज्या ऑफिसातून रॅम्पचं काम निघालं होतं तिथे गेले. ते ऑफिस तळमजल्यावर होतं, एवढं नशीब. टेबलामागचे भाऊसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, रॅम्प केलाय ना." मी म्हटलं, रॅम्पवरून मी घसरते, मला पायऱ्यांना कठडा हवा. ते म्हणाले, "पण अपंगांसाठी रॅम्पच असतो." आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथेही तीच निळी पाटी. मी म्हटलं, मी खुर्चीत बसत नाही हो. त्यांनी आता कुठे माझ्याकडे नीट बघितलं. "चालता येतं ना तुम्हाला? मग काय अडचण आहे?"

पाटीवर तिचंच चित्र होतं. सगळ्या गावात, स्टँडवर, बँकेत, दवाखान्यात, जिकडे तिकडे ती बसलेली. माझं चित्र कुठेच नाही. मला रस्त्यात थांबून त्या पाट्यांवर कुबडी काढावीशी वाटायची.

आणि तिची तर चलती सुरू झाली. कुठे काही नवीन बांधलं की जीप तिच्या दारात. चढून दाखवा, वळून दाखवा, बसून दाखवा. तिच्या गावच्या आश्रमशाळेतही नेऊन आणलं तिला. पथारीवरच्या बायका तिला "मॅडम" म्हणायला लागल्या, चेष्टेनेच, पण म्हणायला लागल्या. मी वाचनालयात जाणं सोडलं. ती घरी येऊन विचारायची, "चालस का?" मी म्हणायची, शिलाई आहे. माझी खुर्ची कुणीतरी घेतलीच असणार, हे मनातून जात नव्हतं. ते वाचनालय हल्ली स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींनी सकाळपासून भरलेलं असतं. त्यांच्यात रिकामी खुर्ची म्हणजे एसटीतली खिडकीची जागा. गेली म्हणजे गेली. पायऱ्यांपेक्षा मला त्या खुर्चीचं जास्त लागलं होतं. त्या खुर्चीत बसले की मी शिवणवाली नव्हते, पोलिओवाली नव्हते, कोणाचीच कोणी नव्हते. मी नुसती वाचत बसलेली बाई होते. तेवढं एकच ठिकाण होतं मला.

मग तपासणी आली. वरून मोठ्या मॅडम येणार, सोयीच्या इमारती बघणार, त्यात आमचं वाचनालय पहिलं. तिला बोलावणं होतंच. मला मावशींनी सांगितलं, त्यांना मिरची उचलायचा निरोप आला होता म्हणून.

मी ठेवणीतली साडी काढली. मोरपंखी, जरीकाठाची. त्यावरचा ब्लाउज माझ्याच हातचा, बसलाय म्हणजे असा बसलाय. लोक पुढे म्हणाले, ताई हक्कासाठी गेल्या. हक्क होताच, पण खरं कारण वेगळं. मला त्या फोटोत यायचं होतं. साहेबांनी, मॅडमनी, आणि मुख्य म्हणजे तिने, मला वर जाताना बघायला हवं होतं.

मी पोचले तेव्हा ती वर दारात होती, हातात गुलाबाचं फूल. मॅडम तिच्याशेजारी, कॅमेरावाले खाली. रॅम्प धुऊन पुसून लख्ख. मी कुणाला न विचारता कुबडी टेकवली आणि निघाले. चार पावलं चांगली पडली. सगळे बघायला लागले. मला आतून उकळी फुटत होती, म्हटलं, बघा आता. मावशींनी मिरची उचलली होती, पण फरशीच्या खाचांमधल्या बिया कोण वेचणार? कुबडीचं रबर बियांवर गेलं आणि मी मोरपंखी साडीसकट आडवी.

"माय वं, पडनी ना बाई!" मावशी ओरडल्या.

मग ते झालं, जे मला पडण्यापेक्षा लागतं. "उचला, उचला!" करत दोघे धावले आणि त्यांनी मला काखेत हात घालून पोत्यासारखं वर घेतलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. माझी कुबडी एकीकडे, चप्पल एकीकडे. "खाली ठेवा मला!" मी एसटीतल्या आवाजात ओरडले. ठेवलं त्यांनी. कडुनिंबाखाली नेऊन ठेवलं. कोपर सोललं होतं, साडीला मिरचीच्या बिया चिकटल्या होत्या.

वर दारात मॅडम जरा गोंधळल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी माझ्या मैत्रिणीला विचारलं, "तुम्हाला कशी वाटते सोय?"

ती शाळेतल्या मराठीत बोलली, एकेक शब्द सुटा करून. "सोय माझी झाली. तिची होती ती तुम्ही कापून नेली. तिचा कठडा कुठे टाकलात?"

मग ते गुलाबाचं फूल तिने मांडीवर ठेवलं, सायकल वळवली आणि सरळ खाली आली, माझ्याजवळ. "लागनं का वं?" म्हणाली. मी साडीवरच्या बिया झटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. माझा? छे! तिचा. खाली तिचं वाक्य, ठळक अक्षरात. "तिचा कठडा कुठे टाकलात?" त्यातली "ती" म्हणजे मी. पडले मी, कोपर माझं सोललं, साडी माझी खराब झाली, आणि बातमी तिची. माझी बाजू घ्यायला गेली तर त्यातही तीच मोठी झाली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "किती गुणाची आहे हो तुमची मैत्रीण." मी म्हटलं, हो, फार. आणि दार लावून घेतलं.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचा फोन आला की मशीन सुरू करायची, म्हणजे ऐकूच आला नाही म्हणता येतं. एकदा ती दारात येऊन थांबली. आमच्या दाराला उंबरा आहे, उंच, ती आत येऊ शकत नाही. "रागे भरनी का?" तिने बाहेरून विचारलं. मी आतून म्हटलं, मला काम आहे. बराच वेळ तिची सायकल अंगणात उभी होती. मग चाकांचा आवाज गल्लीतून गेला. पथारीवरची मिरची आवरली, उन्हाळा तापला, तरी मी गेले नाही.

एक दिवस मावशी ब्लाउजचं कापड घेऊन आल्या. मापं घेताना सहज म्हणाल्या, "आते ये ना वाचनालयमा. तुन्ही मैत्रीणनं रेलिंग बसी गयं."

माझ्या हातातली टेप तिथेच थांबली. तुझ्या मैत्रिणीचं रेलिंग! पडले मी आणि रेलिंग तिचं! मावशींना म्हटलं, हात वर करा, दंडाचं माप राहिलंय. जरा घट्टच घेतलं ते माप.

तरी मी गेले. ती नसेल अशी दुपार बघून गेले. चिंचा फोडायचं काम निघालं होतं, ती त्यात असणार हे मला ठाऊक होतं. उरलेल्या पायऱ्यांना नवा स्टीलचा कठडा बसवला होता. एकाच बाजूला, भिंतीकडे. चढताना तो उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या, जो माझ्या काही कामाचा नाही. म्हणजे उतरताना मला उलटं उतरावं लागणार, तोंड वाचनालयाकडे आणि पाठ रस्त्याकडे. आजही मी तशीच उतरते. नवीन माणसाला वाटतं, ही बाई वाचनालयाच्या पाया पडत मागे चाललीय. पण चढता येतं. मी चढले. स्टील उन्हाने तापलं होतं, हात भाजला, तरी सोडला नाही.

आत गच्च भरलेलं. पोरं पुस्तकांत डोकी घालून बसलेली, काही जण भिंतीला टेकून खाली फरशीवर. मी पूर्वेच्या खिडकीकडे बघितलं. माझी खुर्ची तिथेच होती. रिकामी. एवढ्या गर्दीत ती एकटी रिकामी, आणि तिच्यावर एक रुमाल.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, कोण हा शहाणा, खुर्ची अडवून चहा प्यायला गेलाय? मी रुमाल उचलायला हात घातला, तर शेजारची मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, तिथे नका बसू. ती धरलेली आहे."

"कुणी धरलीय?"

"त्या तीनचाकीवाल्या ताईंनी." तिने पेन कानामागे लावलं. सांगायला कुणीतरी मिळाल्यासारखी ती बोलायला लागली. "रोज सकाळी कामावर जाताना येतात आणि रुमाल टाकून जातात. संध्याकाळी येऊन उचलतात. आम्ही किती भांडलो त्यांच्याशी! इथे बसायला जागा नाही, पोरी खाली बसून अभ्यास करतात आणि ही खुर्ची रिकामी. एकदा तर एकाने रुमाल फेकूनच दिला, तर त्यांनी असा आवाज चढवला की वाचनालयाचे सर उठून आले. त्यांना विचारलं, कोणासाठी धरता, तर दर वेळेला तेच सांगतात."

"काय सांगतात?"

"सांगतात, येतेय ती. पायऱ्या चढतेय."

मी रुमाल हातात घेतला. त्याला मिरचीचा वास होता, धुऊनही न गेलेला. खिडकीखाली कडुनिंबाच्या सावलीत कुणी नव्हतं. जागा धरायला तिला मीच शिकवलं होतं, आणि त्यातही ती माझ्यापुढे गेली होती. मी धरायची ती तळोद्यापर्यंत. तिने मिरचीपासून चिंचेपर्यंत धरली होती, मी दार लावून बसले होते तेव्हासुद्धा.

त्या मुलीने आता माझ्या कुबडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्हीच का त्या?"

"हो," मी म्हटलं आणि बसले. "जरा वेळ लागला."